घरटी एक भाकरी

कुरणवाडीच्या येळवंड्यांच्या घरात सातबाऱ्यावर नावे पुरुषांची लागत आली, पण घर ओळखले गेले ते सुनांच्या नावाने. पुतळाबाईने मथुराबाईला सून करून आणले, मथुराबाईने सोनाबाईला, आणि सोनाबाईने सोजराबाईला. पुतळाबाईने दुष्काळात कणगीवर झाकण पडू दिले नाही. मथुराबाईने ऐन तारुण्यात कपाळ पांढरे झाल्यावर दिरांच्या नाकावर टिच्चून विहीर पाडली. सोनाबाई तर कचेरीच्या दारात बसली ती गावठाण वाचवूनच उठली. चाकणच्या औद्योगिक वसाहतीसाठी शेते गेली, गायरान गेले. पण कुरणवाडीची घरे, देऊळ आणि भामेकाठचा घाट आज जागेवर आहेत ते या तिसरीच्या हट्टामुळे. अशा तिघींच्या मागून आलेल्या बाईला मवाळ होण्याची मुभा नसते. सोजराबाई मवाळ नव्हतीच. सत्तरी उलटली तरी घरातल्या पिठाच्या डब्याची किल्ली तिच्याच कमरेला होती, आणि ती मागण्याची हिंमत तिच्या मुलाच्या, जयसिंगच्या, बायकोलाही झाली नव्हती.

जमिनी गेल्यावर गावाचे रूप पालटले. घराच्या मागे भाडेकरूंच्या खोल्या उठल्या, पुढे टपऱ्या. ज्यांच्या बापांनी नांगर धरला त्यांच्या मुलांनी कंपन्यांची कंत्राटे धरली. जयसिंगच्या चार बसगाड्या कामगारांची ने-आण करीत. सोजराबाईचे पती सोपानराव मात्र ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्या कंटेनरकडे असे पाहत, जसे कोणी परक्याच्या वरातीकडे पाहते.

त्या वर्षी संक्रांत उलटली आणि गावाच्या वेशीसमोरच असलेल्या एका कंपनीच्या गेटवर कंत्राटी कामगारांनी ठिय्या मांडला. गाड्यांचे सुटे भाग बनवणारी ती कंपनी. वर्षानुवर्षे तिची यंत्रे चालवणाऱ्या पोरांनी ‘आम्हाला कायम करा’ असा अर्ज दिला, आणि दुसऱ्या सकाळी त्यांची कार्डे गेटवर चालेनाशी झाली. मग ती पोरे गेटसमोरच्या गावाच्या मोकळ्या जागेत ताडपत्री बांधून बसली.

गाव लांबूनच पाहत राहिले. कुरणवाडीला कंपनीचे प्रेम नव्हते, तसे कामगारांचेही नव्हते. कामगार म्हणजे आज आलेला, उद्या गेलेला भाडेकरू. त्याच्यासाठी आपल्या पोरांची कंत्राटे कोण धोक्यात घालणार?

अशात एके दुपारी त्यांच्यातला एक जण रिकामा कॅन घेऊन सोजराबाईच्या अंगणात उभा राहिला. उन्हाने रापलेला, दाढी वाढलेला, पण शर्ट नीट खोचलेला.

“आजी, बोअरचं पाणी घेऊ का? टँकरवाले नाही म्हणाले.”

“पान्याला न्हाई म्हनू ने. घे. कुठला रं तू?”

“दापोडीचा. धनेश.”

“दापोडीत काय उगवलास व्हय? मूळ इचारते मी.”

धनेश हसला. “मूळ बीडकडचं. आजोबा दत्तोबा, कारखान्यात लागले म्हणून इकडं आले. रेल्वेलाइनीजवळच्या चाळीत राहायचो आम्ही. आता चाळ नाही. आजी होती तोवर गावाकडं जाणं-येणं होतं.”

सोजराबाईने हातातले सूप खाली ठेवले. “आजीचं नाव?”

“रुक्मिणीबाई.”

सोजराबाईने ओट्याच्या खांबाला हात लावला. “अवो,” तिने आत वळून हाक दिली, “बाहेर या. रुक्मिनबाईचा नातू आलाय पानी मागाया.”

ही ओळख समजण्यासाठी तीसएक वर्षे मागे जायला हवे. जमिनी घेण्याचा हुकूम निघाला त्यात गावठाणही होते. पुरुष वकिलांकडे खेटे घालीत राहिले. सोनाबाई गावच्या बायका घेऊन पिंपरीला गेली आणि कचेरीसमोरच्या फुटपाथवर बसली. बांधून नेलेल्या भाकऱ्या किती पुरणार? त्या संपल्या, तशी दापोडीच्या चाळीतून एक अनोळखी बाई डोक्यावर पाटी घेऊन आली. तिच्या नवऱ्याच्या कारखान्याला टाळे लागलेले होते, घरी स्वतःचीच पोरे अर्धपोटी होती. तरी तिने चाळीत दारोदार फिरून घरटी एक भाकरी गोळा केली होती. “तुम्ही बसा, आम्ही भाजतो,” एवढेच ती म्हणाली. पुढे कोणाचे मूल आजारी पडले, कोणाची पेरणी खोळंबली, आणि बायका एकेक करून परतल्या. चाळही थकली. शेवटी फुटपाथवर सोनाबाई आणि तिची सून सोजरा अशा दोघीच उरल्या. आणि रुक्मिणीबाई त्याही दिवशी आली, दोन भाकऱ्या फडक्यात बांधून. त्याच आठवड्यात गावठाण वगळल्याचा कागद आला.

उठताना सोनाबाई म्हणाली होती, “बाई, हे रीन हाय. माझ्या हातनं न्हाई फिटलं तर ही सून फेडंल.”

“भाकरीचं कसलं ऋण?” रुक्मिणीबाई हसली होती. मग सोनाबाईचा चेहरा पाहून तिने हसू आवरले. “बरं. फेडायचंच असेल तर आम्ही दिलं तसं द्या. शेवटचा माणूस उठेपर्यंत.”

सोनाबाई ते शब्द मरेपर्यंत विसरली नाही, आणि सुनेला विसरू दिले नाही. पुढे सोजराबाई एकदा दापोडीला शोध घेत गेली, तेव्हा रस्तारुंदीत चाळ जमीनदोस्त झालेली होती. देणे अंगावर आणि घेणारे माणूस नाही, याहून वाईट अवस्था मानी बाईला दुसरी नाही.

“आजी कवा ग्येली तुजी?” तिने आता विचारले.

“करोनात गेली.”

सोजराबाईने बोअरचे बटण दाबले. मग म्हणाली, “कॅन भरून ने. आन रातच्याला चूल पेटवू नका.”

त्याच संध्याकाळी ती काठी टेकीत घरोघर गेली. बोलणे थोडके होते. घरटी एक भाकरी, जास्त नको, कमी नको. ज्या गावठाणात तुमची घरे उभी आहेत ते ज्या बाईच्या भाकरीवर वाचले, तिचा नातू दारात आला आहे. एवढे सांगून ती पुढच्या दाराला जाई. होकाराची वाट पाहण्याची तिची पद्धत नव्हती.

जयसिंगने घरी तोंड फिरवले. “आई, माझ्या गाड्या त्याच कंपनीत आहेत. उद्या साहेब म्हणाला, येळवंडे, तुमच्याच घरून दंगा चाललाय, तर मी काय सांगू?”

“गाड्या तुझ्या हायती. चूल माझी हाय.”

सोपानराव ओट्यावरून हसले. “जयसिंग, तुझी आजी असती तर तुझ्याच गाडीतनं भाकरी पाठवली असती. आईवर भागतंय म्हन आन गप बस.”

भाकरी जाऊ लागली, आणि भाकरीमागून गाव जाऊ लागले. जो आपल्या घरचे खातो त्याची चौकशी होतेच. बायका पाट्या घेऊन मांडवात जात, तशा त्यांना पोरांच्या कहाण्या कळल्या. कोणाच्या बोटाचे पेर यंत्रात गेलेले, कोणाचे लग्न ‘कायम झाल्यावर बघू’ म्हणून तीनदा मोडलेले. पोरेही रीतीची निघाली. धनेशने नेमच घालून दिला होता: शाळेची गाडी आली की घोषणा बंद, बायाबापड्या जाताना वाट मोकळी, संध्याकाळी गेटपासून वेशीपर्यंतचा रस्ता झाडून काढायचा. देवळाचा पाणी चढवायचा पंप वर्षभर बिघडलेला होता, तो त्यांनी बसल्या बसल्या दुरुस्त करून दिला.

“आमच्या घरातले बाप्ये ताटाला हात लावीत न्हाईत,” शेजारची सारजाबाई पाटी उतरवताना म्हणे, “आन ही पोरं पाटीसुदिक धुऊन देत्यात. ह्यांना कायम करू नगा म्हनावं कंपनीला. एकेक जावई करून घिऊ.”

“मावशी, आधी पगार ऐका, मग जावई करा,” मांडवातून कोणीतरी ओरडे, आणि हशा पिके.

शेजारच्या वाड्यांतून भाकरी येऊ लागली. चाकणच्या बाजारातल्या हमालांनी कांद्याचे पोते पाठवले. ज्यांनी पहिल्या आठवड्यात ‘यांना हाकला’ म्हटले होते ते टपरीवाले चहाचे पैसे नको म्हणू लागले. वर्तमानपत्राचा माणूस आला तो कामगारांपेक्षा पाट्यांचीच छायाचित्रे काढून गेला. आणि कंपनी, जिने महिनाभर गेटची खिडकीसुद्धा उघडली नव्हती, तिने बोलणी करायला दोन साहेब पाठवले. गेटवर बसलेल्या शेदोनशे पोरांना तिने मोजले नव्हते. त्यांच्या पाठीमागे रोज सकाळी पेटणाऱ्या चुली मात्र तिला दिसल्या होत्या.

बोलणी चालू असतानाच सोपानराव गेले. पहाटे उठून ओट्यावर बसले, पाणी मागितले, “सुभद्री आली का?” असे विचारले, आणि तांब्या हातात येण्याआधी मान टाकली. सुभद्रा त्यांची थोरली मुलगी, सांगवीला दिलेली. गुडघ्यांनी अधू झालेली ती बाई निरोप मिळताच निघाली. पण ती पोचली तेव्हा बाप बोलण्यापलीकडे गेला होता. “दहाव्याला तरी वेळेत येईन, तात्या,” ती त्यांच्या पायांवर डोके ठेवून म्हणाली.

अंत्ययात्रेला मांडवातली सगळी पोरे आली. घोषणा नाहीत, झेंडे नाहीत. धनेशने घाटापर्यंत खांदा दिला, आणि वेशीच्या कमानीवर सोपानरावांचा श्रद्धांजलीचा फ्लेक्स त्यानेच शिडीवर चढून बांधला. त्या दिवशी गावाने त्या पोरांना जेवढे आपले मानले तेवढे पुन्हा कधी मानले नाही.

साहेबांची बोलणी मग रेंगाळली. ‘वरून उत्तर आले नाही’ हे उत्तर रोज येऊ लागले. पोरांचा धीर सुटत चालला, घरून फोन येऊ लागले. अशा वेळी पिंपरीहून भीमराज नावाचा कामगार पुढारी आपली माणसे घेऊन मांडवात आला. माणूस खोटा नव्हता. अनेक संप लढलेला होता आणि बरेच हरलेला.

“भाकरीवर लढाई जिंकत नसतात, भावा,” तो धनेशला म्हणाला. “कंपनीला दुखतं कुठं? डिस्पॅचला. महिनाअखेरचे कंटेनर सोमवारी निघतात. हायवेच्या फाट्यावर रस्ता रोखला की दुपारपर्यंत वरून उत्तर येतं की नाही बघ.”

“सोमवारी तात्यांचा दहावा आहे,” धनेश म्हणाला.

“किती वाजता?”

“साडेसातला, घाटावर.”

“मग आपण नऊनंतर बसू. अडचण काय?”

धनेशला खरोखरच अडचण दिसली नाही, आणि त्याची चूक झाली ती इथे. तो ज्या चाळीत वाढला तिथे दहावा करून माणसे दुसऱ्या पाळीला कामावर जात. आजोबा दत्तोबांचा दहावा झाला तेव्हा त्याच्या बापाने घाटावरून परस्पर गेट गाठले होते. साडेसातला सुरू झालेले कार्य नऊला आटपते, हे त्याला सूर्य उगवण्याइतके ठाऊक होते. कुरणवाडीत दहावा घड्याळावर चालत नाही, तो कावळ्यावर चालतो, हे त्याला कोणी सांगितले नव्हते. त्यानेही कोणाला विचारले नाही. एका दारात जाऊन विचारले असते तरी पुरे होते.

सोमवारी घाटावर पंचक्रोशी लोटली. प्रवचन झाले, गावोगावच्या पाहुण्यांनी श्रद्धांजलीची भाषणे केली. पिंड मांडले गेले आणि माणसे मागे सरली. झाडावर कावळे होते. एक खाली उतरला, पिंडाभोवती फिरला, आणि उडून गेला.

“तात्यांचा जीव लेकीत अडकलाय,” सारजाबाई हळूच म्हणाली. तेव्हा सर्वांच्या ध्यानात आले की सुभद्रा अजून पोचलेली नाही.

जयसिंगने फोन लावला. ती सकाळी लवकरच निघाली होती, पण मोशी ओलांडल्यावर गाड्यांची रांग लागली ती हलेचना. पुढे रस्ता अडवला आहे, असे लोक सांगत होते. जयसिंगने एकाला मोटारसायकलवर तिला आणायला पाठवले. फाट्यावर भीमराजच्या माणसांनी त्याला अडवले. ती पिंपरीची माणसे. त्यांना सोपानराव कोण आणि सुभद्रा कोण काय ठाऊक? “दहावा आहे, लेक अडकलीय,” त्याने हात जोडले. त्यावर त्यांच्यातला एक जण म्हणाला, “प्रत्येकाच्या घरी काहीतरी असतंच, भाऊ. आमच्याही घरी आहे.” धनेश त्या वेळी तळेगावच्या बाजूला कंटेनरपुढे बसलेला होता, आणि घोषणांच्या गदारोळात त्याचा फोन खिशातल्या खिशात वाजून थांबत होता.

घाटावर ऊन चढले. जयसिंगने पिंडापुढे उभे राहून सांगितले, “तात्या, आईला अंतर देणार नाही.” भावकीने सांगितले, “सुभद्रेचं माहेर तुटणार न्हाई.” कावळे फांदीवरून पाहत राहिले. म्हातारी माणसे उन्हात बसकण मारून राहिली. शेवटी सोजराबाई पुढे आली. आयुष्यात चारचौघांत तिने नवऱ्याला कधी विनंती केली नव्हती. ती हात जोडून म्हणाली, “ती वाटंत हाय. रागावू नका. शिवा आता.”

कावळा शिवला नाही. मध्यान्ह टळायच्या आत गुरुजींनी दर्भाचा कावळा केला आणि तो पिंडाला लावला. ज्याने गावातल्या कोणाचेही मन कधी दुखवले नाही, त्या माणसाला गवताच्या कावळ्यावर बोळवले गेले. बायका तोंडात पदर धरून रडल्या. रडली नाही ती एकटी सोजराबाई.

लोक घाट चढून परतत असताना सुभद्रा समोरून आली. गाडी मागे सोडून ती मैलोगणती चालत आली होती. चपला हातात, गुडघे सुजलेले. माणसे परतताना पाहून ती समजली आणि रस्त्यातच खाली बसली.

कंपनीला त्या दिवशी किती दुखले ते कंपनीच जाणे. कुरणवाडीला मात्र वर्मी लागले. संध्याकाळी धनेश धावत आला तेव्हा अंगणात गाव जमलेले होते. तो उंबऱ्याबाहेरच थांबला.

“आजी, मला वाटलं नऊपर्यंत आटपतं.”

“आटपतं?” सारजाबाई उसळली. कालपर्यंत त्याला जावई करायला निघालेली तीच बाई. “मानूस ग्येलाय का शिफ्ट सुटलीया? आटपतं म्हनं!”

“त्या माणसांना ठाऊक नव्हतं, मावशी. मला कळलं असतं तर मी स्वतः—”

“तुमच्या आंदोलनात आमी कोन हाय ते तुमच्याच मानसांला ठाऊक न्हाई,” सारजाबाई म्हणाली, “मग आमी भाकरी कुनाला घातली?”

सुभद्रा आतून म्हणाली, “त्याला म्हणावं जा. मला त्याचं तोंड बघायचं नाही.” सोजराबाई भिंतीला टेकून बसली होती. तिने ना त्याला बस म्हटले, ना जा म्हटले.

देवळात बैठक झाली. खरे सांगायचे तर ज्यांची कंत्राटे अडकली होती त्यांचा निर्णय कधीचाच झालेला होता. बायकांपुढे तोंड उघडायला त्यांना जागा मिळत नव्हती, ती आता मिळाली. गावाची जागा मोकळी करा, असे पत्र पोलिसांत गेले. बोअरची मोटार बंद झाली. टपऱ्यांवर चहाचे पैसे आधी मागितले जाऊ लागले. जी कालपर्यंत ‘आपली पोरं’ होती ती ‘ते बाहेरचे’ झाली. भीमराज दुसऱ्या एका गेटवर निघून गेला. साहेब मंडळी पुन्हा आत गेली आणि गेटची खिडकी बंद झाली.

बैठकीच्या दुसऱ्या सकाळी सारजाबाईच्या दारातून पाटी निघाली नाही. कोणाच्याच दारातून निघाली नाही.

सोजराबाईने पिठाचा डबा उघडला.

“आई, काय करतेस?” सुभद्रेने विचारले.

“भाकरी.”

“कुणाला? त्यांना?” सुभद्रेचा आवाज फाटला. “माझा बाप गवताच्या कावळ्यावर गेला, आणि तू त्यांना भाकरी भाजतेस?”

“त्यांना न्हाई भाजत. तुझ्या आजीचं फेडते.”

“गावानं बंद केलंय, आई. जयसिंगला लोक तोंडावर बोलतील. आणि दुःखातल्या बाईनं सव्वा महिना उंबरा ओलांडू नये, हे तूच आम्हाला शिकवलंस.”

“शिकिवलं. ते खरं हाय.” सोजराबाई पीठ मळू लागली. “आन ‘शेवटचा मानूस उठंस्तवर’ असं रुक्मिनबाई बोलली, तेबी खरं हाय. चूक झाली म्हनून रीन उतरत न्हाई, सुभद्रे. मला राग न्हाई आला असं समजू नगंस. तुला आला त्याच्या दुप्पट आलाय. पर राग माझा हाय आन रीन सासूचं हाय. माझ्या रागापायी तिचा शब्द मी बुडवायचा व्हय?”

सुभद्रा उठून आत गेली. ती आईशी त्या दिवसापासून कामापुरतेच बोलली.

एका चुलीवर मांडवापुरत्या भाकऱ्या होत नाहीत. सोजराबाईने जेवढ्या झाल्या तेवढ्या पाटीत भरल्या, डोक्यावर घेतल्या, आणि गावाच्या देखत वेस ओलांडली. लोक बाजूला झाले. कोणी अडवले नाही, कोणी पाटीला हातही लावला नाही. मांडवात तिने पाटी उतरवली आणि काही न बोलता परत फिरली. धनेश “आजी” म्हणाला. ती थांबली नाही. पूर्वी ती तिथे बसे, पोरांना रागवे, कोणाच्या तापाची, कोणाच्या लग्नाची चौकशी करी. ते सारे संपले होते. राहिली होती ती फक्त भाकरी.

पाटी हलकी होत गेली, कारण मांडव रिकामा होत गेला. कंपनीने हमीपत्रे काढली होती: झाले ते चुकले, पुन्हा असे करणार नाही, कायम करा असे म्हणणार नाही. त्यावर सही करणाऱ्याला पूर्वीच्याच पगारावर आत घेत. पहिल्यांदा रात्रपाळीवाले गेले, मग कर्ज असलेले, मग लेकुरवाळे. जाताना काही जण सोजराबाईच्या घरासमोरून मान खाली घालून गेले. बसेस पुन्हा भरून धावू लागल्या; जयसिंगचे नुकसान भरून निघाले, पण ओट्यावरून जाताना तोही आईच्या नजरेला नजर देईना.

होळी जवळ आली तेव्हा मांडवात तिघे उरले होते. होळीनंतर धनेश एकटा. कंपनीने हमीपत्रावर त्याची सही नाकारली होती. पुढाऱ्याला परत घ्यायचे नाही, असा तेवढा एकच हुकूम वरून तातडीने आला होता.

त्या सकाळी सोजराबाई फडक्यात दोन भाकऱ्या आणि खर्डा बांधून मांडवात गेली. दोन बांधल्या, कारण दोनच द्यायच्या होत्या. धनेश ताडपत्रीच्या दोऱ्या सोडीत होता. दोन पोलीस दूर गाडीला टेकून उभे होते. त्यांनी त्याला दुपारपर्यंतची मुदत दिली होती.

“उठतोयस?” तिने विचारले.

“उठतोय.” तो खाली पाहत म्हणाला. “आजी, हरलो आम्ही.”

“व्हय.”

“कंपनीनं नाही हरवलं. तुमच्या घाटावर हरलो.”

सोजराबाईने त्याला खोटा दिलासा दिला नाही. ती जमिनीवर बसली, कित्येक दिवसांत पहिल्यांदा, आणि फडके सोडून त्याच्यापुढे केले. “खा.”

“भूक नाही.”

“तुझ्या भुकंचं न्हाई इचारलं मी. खा.”

तो खाऊ लागला. समोरून एक बस गेली. खिडकीतून त्याच्याबरोबर ठिय्याला बसलेली, आता हमीपत्र देऊन आत गेलेली पोरे बाहेर पाहत होती आणि त्याची नजर चुकवत होती. सोजराबाई हात जोडून बसली आणि शेवटचा तुकडा संपेपर्यंत त्याच्याकडे पाहत राहिली. त्या चेहऱ्यात रुक्मिणीबाई कुठे दिसते का, हे ती शोधत असावी.

“सुभद्राताई कशा आहेत?” त्याने विचारले.

“गुडघं ग्येलं तिचं. आता काठी लागती.”

धनेशने डोळे पुसले. “मी कधी दारात आलो तर—”

“यायचं न्हाई.” तिचा आवाज चढला नाही. “रीन हुतं तवर तू आमच्या घरचा हुतास. म्या तुला भाकरी देत हुते, आन तू घेत हुतास, त्यानं दोन घरं बांधल्याली हुती. आता शेवटचा मानूस उठला. तुझ्या आजीनं घातली हुती तशीच अट पाळली. आता तुझं-माझं कायबी राहिलं न्हाई. येवढं फिटावं म्हनून म्या वरीसन्‌वर्सं देवाला इनवलं, आन फिटतंय तर जीव तुटतोय माझा. पर फिटलं म्हंजी फिटलं. घेनाऱ्यानं ‘पावलं’ म्हनाया लागतं. म्हन.”

पोलिसांपैकी एकाने घड्याळ पाहिले. शेवटी धनेश उठला आणि तिच्या पायांशी वाकला. तिने पाय मागे घेतले नाहीत.

“पावलं,” तो म्हणाला. “आजीला पोचलं.”

सोजराबाईने रिकामे फडके झटकले, घडी घालून कमरेला खोचले, आणि ती गावाकडे चालू लागली. सोनाबाईच्या सुनेच्या डोक्यावर आता कोणाचेही देणे नव्हते.